पावसाळ्यात फॅन्सी कोंबड्यांची अंडी मशीनमध्ये का मरतात: आधी अंडं फोडून बघा, मग सेटिंगला हात लावा

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. सिल्की किंवा कोचीन बँटम (बँटम म्हणजे छोट्या चणीची कोंबडी) अशा हौसेच्या जातीची २४ अंडी लावली, २१ दिवस उबवणीच्या मशीनची (इन्क्युबेटरची) राखण केली आणि हातात आली तीन पिल्लं. एकाने कवचाला टवका पाडला आणि तिथेच जीव सोडला. बाकीची गप्प. पुढच्या खेपेला तापमान अर्ध्या अंशाने चढवलं जातं, पाण्याची वाटी मोठी ठेवली जाते, आणि दोनच पिल्लं निघतात. जानेवारीत त्याच मशीनने पंधरा-सोळा दिलेली असतात, म्हणून मग संशय कोंबड्यावर, फीडवर, अंडी पाठवणाऱ्यावर आणि शेवटी अमावास्येवर.

गोव्यात जून ते सप्टेंबरमधल्या अशा बऱ्याच खेपा पाण्याच्या वाटीनेच मारलेल्या असतात. पण ते गृहीत धरून चालू नये. चार-पाच वेगवेगळ्या चुका बाहेरून अगदी सारख्या दिसतात: पिल्लू निघत नाही, एवढंच. फरक कवचाच्या आत असतो, आणि नेमकी तीच अंडी आपण खड्ड्यात पुरून टाकतो.

फोडायचं कसं

बाविसावा दिवस पूर्ण उलटू द्या. अंडं कानाशी धरून आतून टकटक किंवा बारीक चिवचिव येत नाही याची खात्री करा. मग अंगणात वर्तमानपत्र पसरून बसा, घरात नको. एखादं सडलेलं अंडं फटाक्यासारखं उडतं आणि तो वास दोन दिवस जात नाही. अंडी लावताना पेन्सिलने प्रत्येकावर तारीख आणि कोंबडीच्या रिंगचा नंबर घातलेला असेल तर या कामाला दुप्पट किंमत येते.

जाड टोकावर चमच्याच्या पाठीने हलकं ठोका आणि हवेच्या पोकळीवरचं कवच चिमट्याने सोलून काढा. खाली पांढरा पडदा दिसेल. तो लगेच फाडू नका, आधी पोकळी बघा. नीट चाललेल्या अंड्यात अठराव्या दिवसानंतर ती अंड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापते. टोकावर आठ आण्याच्या नाण्याएवढीच असेल तर अंड्यातलं पाणी बाहेर पडलेलंच नाही. आता पडदा फाडा आणि चार गोष्टी टिपा: पिल्लाची चोच कुठे आहे, बलक पोटात ओढला गेलाय की बाहेर लोंबतोय, नाकपुड्यांत पाणी आहे का, अंगावरची लव गोंदासारखी चिकट आहे की कोरडी. चोच उजव्या पंखाखाली आणि तोंड जाड टोकाकडे, ही योग्य बैठक. डोकं निमुळत्या टोकाकडे असेल तर अंडं ठेवतानाच उलटं ठेवलं होतं किंवा पलटणं चुकलं होतं.

चांगल्या मशीनमध्येही दहातली एक-दोन फलित अंडी जातात. त्यांच्यासाठी काही बदलायला जाऊ नका. एकाच प्रकारचा मृत्यू चार-पाच अंड्यांत दिसला, की ते कारण.

पूर्ण वाढलेलं पिल्लू, लव चिकट, पोकळी लहान

हा खास पावसाळी मृत्यू. अंडं पहिल्या १८ दिवसांत आपल्या वजनाच्या १२ ते १३ टक्के पाणी कवचाच्या छिद्रांतून बाहेर सोडतं आणि तेवढी जागा हवा घेते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू आतला पडदा टोचून पहिला श्वास घेतं तो याच पोकळीतला. पोकळी लहान आणि भोवती पाणी साचलेलं असेल तर ते तिथेच गुदमरतं.

मशीनबरोबर आलेल्या कागदावर ‘पाणी भरा’ असं लिहिलेलं असतं. तो कागद गोव्यातल्या वाळपईच्या जुलैसाठी छापलेला नसतो. बाहेरची २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा मशीनमध्ये शिरून ३७.५ अंशांना तापली की तिचीच आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतलं पाणी तेवढंच राहतं, गरम हवेची पाणी धरायची ताकद मात्र वाढते. पहिल्या १८ दिवसांना ४५ ते ५० टक्के पुरेत. म्हणजे कोरड्या ठणठणीत मशीनमध्येसुद्धा पावसाळ्यात हवी तेवढी आर्द्रता फुकट मिळते. त्यात वाटी भरून ठेवली की आर्द्रतेचा काटा ६५-७० वर जातो. जानेवारीच्या रात्री हवा २० अंश आणि ८५ टक्के असेल, तर तापल्यावर ती जेमतेम ३० टक्के भरते. तेव्हा वाटी हवीच. तीच वाटी, तेच मशीन, म्हणून जानेवारीत पंधरा आणि जुलैत तीन.

थोडासाच फरक पडत असेल असं वाटत असेल तर हिशेब बघा. ५० टक्के आर्द्रतेत १२.५ टक्के वजन उतरवणारं अंडं ६५ टक्क्यांना सुमारे पावणेनऊ टक्केच उतरवतं आणि ७५ टक्क्यांना सव्वासहा. निम्मं पाणी आतच.

म्हणून पावसाळ्यात आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा वजनावर भरवसा ठेवा. सोनं-चांदी तोलायचा छोटा पॉकेट काटा, ०.१ ग्रॅम दाखवणारा, पुरतो. सिल्कीचं अंडं पहिल्या दिवशी ३८ ग्रॅम भरलं, तर सातव्या दिवशी ते ३६.१ च्या आसपास हवं, चौदाव्याला ३४.३, अठराव्याला ३३.२. एकेका अंड्याच्या कवचात फरक असतो, त्यामुळे सहा अंडी तोलून सरासरी काढा. सातव्या दिवशी दोनऐवजी एकच ग्रॅम उतरला असेल, तर वेळ गेलेली नाही: पाणी पूर्ण काढा, हवेची सगळी भोकं उघडा, आणि मशीन घरात जिथे एसी आहे त्या खोलीत हलवा. एसीच्या खोलीतली २४ अंश, ५५ टक्क्यांची हवा मशीनमध्ये २५ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे राहिलेली तूट भरून निघते. तूट भरली की मात्र थोडं पाणी द्यावं लागेल, नाहीतर उलटीकडची चूक होते. न्हाणीघराला लागून, चुलीजवळ किंवा ओले कपडे वाळत घातलेल्या सोप्यात मशीन ठेवणं हे या चार महिन्यांत स्वतःहून पाण्याची वाटी ठेवण्यासारखंच आहे.

अठराव्या दिवशी पलटणं बंद, आर्द्रता ६५ ते ७०. पावसात त्यासाठी एक छोटी वाटी किंवा ओला स्पंज पुष्कळ झाला. पहिली दोन-तीन पिल्लं ओली बाहेर आली की काटा आपोआप ७५-८० कडे सरकतो. त्याला घाबरायचं कारण नाही, भोकं उघडी असली म्हणजे झालं. भोकं बंद करणं हा वेगळा गुन्हा आहे. शेवटच्या चार दिवसांत पिल्लांना प्राणवायू सर्वांत जास्त लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी ‘वाफ जाऊ नये’ म्हणून चिकटपट्टी लावली जाते.

उलट चित्र असं: पोकळी प्रचंड मोठी, पडदा कागदासारखा कोरडा आणि पिल्लाला चिकटलेला. हे एसीच्या खोलीत विसरलेलं मशीन, किंवा शेवटच्या तीन दिवसांत दर तासाला झाकण उघडून केलेली विचारपूस.

काटे खरे बोलतात का

वरचं सगळं गणित हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता दाखवणारा काटा, खरा आहे असं धरून. तो बहुधा नसतो. एका बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर थेंब-थेंब पाणी घाला. ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात १२ तास ठेवा. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता तयार होते. काटा ८२ दाखवत असेल तर तुमच्या प्रत्येक वाचनातून ७ वजा करायचे. काट्यावर तसं मार्करने लिहूनच ठेवा.

तापमानाला ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर वापरा, कारण ३७.५ नेमकं त्याच्या पट्ट्यात बसतं. ग्लासभर कोमट पाण्यात मशीनचा सेन्सर आणि हा थर्मामीटर टोकाला टोक लावून धरा. पंख्याच्या मशीनला ३७.५ अंश. बिनपंख्याच्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.९, कारण तिथे खाली हवा थंडच असते. अशा पेटीत गावठी कोंबडीचं मोठं अंडं आणि सेब्राइट बँटमचं इवलंसं अंडं शेजारी लावलं की दोघांच्या माथ्यावरचं तापमान वेगळं. एका खेपेला एकाच मापाची अंडी लावा.

पिल्लं एकोणिसाव्या दिवशीच बाहेर, बेंबी उघडी आणि रक्ताळलेली: गरम चाललं. तेविसाव्या दिवसापर्यंत रेंगाळली, पोट फुगीर, पाय लुळे: थंड चाललं. बँटम मुळातच विसाव्या दिवशी निघू शकतात, तेव्हा एवढ्यावरून घाईने खुंटी फिरवू नका.

सातव्या दिवशी अंडं उजेडावर साफ

अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर धरलं आणि आत नुसता पिवळसर उजेड, एकही शीर नाही. हे मशीनचं पाप नाही. अंडं बशीत फोडा. बलकावर २-३ मिलीमीटरचा पांढरा, भरीव, वेडावाकडा ठिपका असेल तर नर पोचलाच नाही. नेमबाजीच्या लक्ष्यासारखी ४-५ मिलीमीटरची गोल चकती असेल तर अंडं फलित होतं आणि उबेआधीच मेलं. त्यासाठी पुढचा भाग वाचा.

नर न पोचण्याचं कारण सिल्की, कोचीन आणि ब्रह्मात बहुतेक वेळा पिसं. शेपटीखालच्या त्या कापसाच्या गादीतून मीलन पुरं होतच नाही. कोंबडी आणि कोंबडा दोघांच्याही गुदद्वाराभोवती ३-४ सेंटीमीटरचं वर्तुळ बोथट टोकाच्या कात्रीने मोकळं करा. बुडाशी निळसर, ओलसर दिसणारं कोवळं पीस कापायचं नाही, त्यातून रक्त येतं. सिल्की आणि पॉलिश कॅपच्या कोंबड्याला शेंडीमुळे समोरचं दिसत नाही. शेंडी मऊ रबराने वर बांधा किंवा डोळ्यांपुढची कापा.

इथे प्रदर्शनाचा प्रश्न येतो. कापलेलं पीस पुढच्या पीसझडीपर्यंत वाढत नाही, मुळापासून निघालेलं मात्र सहा ते आठ आठवड्यांत परत येतं. ज्याला शोला न्यायचंय त्या पक्ष्याला कात्री लावूच नये. सर्वांत देखणा कोंबडा पिंजऱ्यात, आणि त्याचा भाऊ, एखादा दोष असलेला पण अंगाने चांगला, प्रजननाला, अशी वाटणी नवख्याने पहिल्याच वर्षी करावी. एकाच पक्ष्याकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की कपही जातो आणि पिल्लंही.

जड, केसाळ जातींत एका कोंबड्याला चार ते सहा कोंबड्या पुरे. हलक्या बँटमला आठ-दहा चालतात. कोंबडा बदलला असेल तर तीन आठवडे थांबून मग अंडी गोळा करा; कोंबडीच्या अंगात जुन्या नराचं बीज दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त टिकतं, आणि मग पिल्लांचा बाप कोण हे कागदावरच राहतं. मे महिन्याच्या उकाड्यात नराची ताकद उतरते, त्यामुळे जूनच्या पहिल्या अंड्यांत साफ अंडी जास्त निघाली तर कोंबडा विकायची घाई नको.

रक्ताची रिंग

सातव्या दिवशी आत लाल वर्तुळ: जीव धरला होता, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास गेला. बहुतेक वेळा दोष साठवणीचा. मशीन भरेपर्यंत दहा दिवस अंडी फळीवर जमवली जातात. थंड ठिकाणी, १५ ते १८ अंशांना, सात दिवस चालतात. आपल्या घरात २८-३० अंश असतात. एवढ्यात गर्भ धड झोपत नाही, धड वाढत नाही, थोडा सरकतो आणि दमून मरतो. खोलीत ठेवायची तर तीन, फार तर चार दिवसांचीच अंडी लावा.

फ्रीज हा उपाय नव्हे. तो चार-पाच अंशांवर असतो, शिवाय बाहेर काढल्यावर आपल्या दमट हवेत अंड्याला घाम सुटतो आणि तो ओलावा कवचावरचे जंतू छिद्रांतून आत नेतो. उन्हाळ्यात ओल्या फडक्याने गुंडाळलेलं मडकं काही अंश उतरवतं. पावसात हवाच ओली, पाणी उडत नाही, मडकं नुसतं मडकं राहतं.

बेळगाव-कोल्हापूरहून बसने आलेली अंडी चोर्ला घाटाची सगळी वळणं अंगावर घेऊन येतात. उघडल्यावर लगेच मशीनमध्ये टाकू नका. जाड टोक वर करून ट्रेमध्ये २४ तास ठेवा, मग टॉर्चवर पोकळी बघा. अंडं कलल्यावर ती पाण्यातल्या बुडबुड्यासारखी फिरत असेल तर ते अंडं उभंच लावा आणि पहिले दोन-तीन दिवस पलटू नका.

जपानी बँटममध्ये मात्र साठवण, मशीन, सगळं नीट असूनही चौथा हिस्सा असाच जातो. आखूड पायांचं जनुक दोन्हीकडून आलं की गर्भ तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतो. आखूड पायाचा नर आणि आखूड पायाची मादी लावली तर चारात एक मरणार, दोन आखूड, एक लांब पायाचं. आखूड आणि लांब अशी जोडी लावली तर त्या कारणाने एकही मरत नाही आणि निम्मी आखूड निघतात. शोला उभी न राहणारी ती लांब पायाची कोंबडी म्हणूनच विकू नये.

मधल्या आठवड्यातले मृत्यू

नवव्या ते चौदाव्या दिवसात मेलेली, खुरटी, लव गाठी मारल्यासारखी गुंडाळलेली, बोटं आत वळलेली पिल्लं दिसली तर आईच्या ताटात बघा. बाजारात सहज मिळतं ते लेयर फीड, खाण्याची अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी. अंडं त्यावर मिळतं, पण पिल्लू घडवायला लागणारं रायबोफ्लेविन आणि ई जीवनसत्त्व त्यात कमी पडतं. ब्रीडर फीड (पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या कोंबडीचं खाद्य) मिळत नसेल तर अंडी गोळा करण्याच्या चार आठवडे आधीपासून पाण्यातून ही दोन्ही असलेलं मल्टिव्हिटामिन पाकिटावरच्या मात्रेत द्या आणि रोज मूठभर शेवग्याचा पाला टांगा. पावसाळ्यात गोणी दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढीच आणा. वास कुबट, ढेकळं झालेली, मक्यावर हिरवी-काळी छटा: कोंबड्यांना नाही, गुरांनाही नाही, टाकून द्या. बुरशीचं विष उन्हात वाळवल्याने जात नाही.

एकाच जोडीची भावंडं पिढ्यान् पिढ्या आपसांत लावली तरी अंडी अशीच कुठेही, कारण न देता मरतात. आपल्याकडे बऱ्याच जातींचं रक्त दोन-तीन घरांतच फिरतं. राज्याबाहेरचा एक कोंबडा हा त्यावर औषधापेक्षा स्वस्त उपाय.

मशीन की अंडी, हे एका खेपेत ठरवायचं असेल तर

सिल्की आणि कोचीन सारख्या खुडूक बसतात, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडतात. एरवी त्याचा वैताग येतो, इथे तोच उपयोग. एकाच दिवशी, एकाच कोंबड्यांची १२ अंडी घ्या; सहा मशीनमध्ये, सहा खुडूक सिल्कीखाली. बसवण्याआधी तिच्या पंखाखाली आणि शेपटीखाली उवा-पिसवा बघून घ्या. तिच्याकडे पाच आणि मशीनमध्ये एक निघालं तर भांडण मशीनशी. दोन्हीकडे एक-एक, तर कोंबडा, फीड किंवा साठवण. घरट्यात भाताचं तूस कोरडं ठेवा. पिल्लं निघाली की सिल्कीच्या पोटाखालची लांब, दोऱ्यासारखी पिसं विंचरून मोकळी करा. ती पिल्लाच्या मानेत फास बसल्यासारखी अडकतात.

अंडी मळलेली असतील तर लावू नका. अगदी मोलाचं अंडं असेल तर अंड्यापेक्षा दहाएक अंश गरम पाण्याने झटपट धुवा. गार पाण्याने आतलं आकसतं आणि बाहेरची घाण आत खेचली जाते.

लाईट गेली तर पहिल्या दोन आठवड्यांत दोन-तीन तासांनी आकाश कोसळत नाही. मशीनवर घोंगडी टाका, झाकण उघडू नका. अठराव्या दिवसानंतर पिल्लं स्वतःची ऊब तयार करतात, तेव्हा घोंगडी टाकली तरी हवेची भोकं मोकळी ठेवा. पंखा बंद पडल्यावर आत मरतात ती थंडीने कमी, कोंडल्याने जास्त.

राहिल्या मुंग्या. पावसात त्या घरात शिरतात, आणि टवका पडलेल्या अंड्याचा वास त्यांना आपल्याआधी लागतो. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब. वायर भिंतीवरून मशीनकडे येते तिथे मुंग्यांना पूल मिळतो, तेव्हा वायरला एक वेढा व्हॅसलीनचा द्या.